विंचवाचा नव्हे, नायकीचा डंक

बूट विकत घेताना मी तो आधी उलटा करते. रंग, नाव, किंमत सगळं नंतर. सवय नागपूरची. १९९० नंतरची तीन-चार वर्षं कॉलेजच्या टीमकडून बास्केटबॉल खेळले, धरमपेठेतल्या सिमेंटच्या कोर्टवर, कॅनव्हासच्या बुटांत. दिवाळीत घेतलेला जोड होळीपर्यंत तळाला इतका गुळगुळीत व्हायचा की पिव्हट घेताना, म्हणजे एका पायावर गरकन फिरताना, पाय सटकायचा आणि गुडघा थेट सिमेंटवर. डाव्या गुडघ्यावरची खूण अजून आहे. म्हणून आजही दुकानात माझं लक्ष पहिलं तळाकडे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये इथे अमेरिकेत, पोर्टलंडच्या एका स्केटबोर्डच्या दुकानात लेकासाठी बूट बघत होते. सवयीने नायकीचा एसबी डंक लो (एसबी म्हणजे स्केटबोर्डिंगसाठीचा, लो म्हणजे घोट्याखालीच संपणारा) उलटा केला आणि पंजाखाली, अंगठ्यामागचा उंचवटा टेकतो तिथे, रबरात कोरलेली वर्तुळं दिसली. एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. मी भर दुकानात म्हणाले, "अरे, हा तर आमचा बूट!" लेक मुकाट्याने चाकांच्या कपाटाकडे निघून गेला, जणू या बाईला तो ओळखतच नाही.

बास्केटबॉल खेळलेल्यांना ती वर्तुळं सांगायला नकोत. चेंडू हातात असताना एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्या पायाने फिरायचं असतं. खिळवलेला पाय हलला की शिट्टी वाजलीच. तो पाय जागच्या जागी गरकन फिरावा, पण घसरू नये, यासाठी ही वर्तुळं. स्केटबोर्डच्या फळीवर त्यांचं फारसं काम नाही. तरी ती आहेत, कारण हा बूट जन्माने स्केटिंगचा नाहीच. दत्तक गेलेला आहे.

घरी आल्यावर नागपूरला व्हिडिओ कॉल. आईला बूट दाखवला, नाव सांगितलं. "डंक? विंचवाचा डंक?" मग चष्मा वर करून माझ्या पायांकडे बघत, "अन् तू काय घालून राहिली हे? पोराचे बूट?" कारण तोवर मीही एक जोड घेतला होता. तर आता चौदा महिने झालेत. लेकाचा एसबी डंक लो, गडद निळ्या स्वेडचा (म्हणजे लव असलेल्या चामड्याचा), आणि माझा साधा डंक लो रेट्रो, पांढरा-निळा. दोन्ही अगदी सख्खे भाऊ दिसतात, पण स्वभाव वेगळे. ते सांगण्याआधी थोडं खानदान सांगते, कारण या बुटाची अर्धी किंमत आपण त्याच्या खानदानाचीच मोजतो.

डंक आला १९८५ साली. त्याचा आराखडा पीटर मूर यांचा, म्हणजे ज्यांनी त्याच वर्षी पहिला एअर जॉर्डन, म्हणजे मायकेल जॉर्डनच्या नावाचा नायकीचा बूट, काढला तेच. (पुढे याच माणसाने आदिदासचं ते तीन पट्ट्यांच्या डोंगराचं चिन्हही काढलं. एका हयातीत दोन्ही घरांत जेवलेला माणूस.) जॉर्डन १ आणि डंक शेजारी ठेवले तर नाक-डोळे सारखेच. जॉर्डनच्या टाचेत हवेची पिशवी, डंकमध्ये तीही नाही. रबराची एक जाड बशी, त्यात बसवून चौफेर शिवलेलं चामडं, संपला बूट. नवल होतं ते रंगांचं. तोवर कोर्टवरचे बूट बहुतेक पांढरे, त्यावर फारतर एखादी रंगीत रेघ. डंक मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांच्या रंगांत आला: केंटकीचा पांढरा-निळा, सिरॅक्यूजचा पांढरा-नारिंगी, मिशिगनचा पिवळा-निळा, आयोवाचा काळा-पिवळा. जाहिरातीचा सूर असा, की आपल्या कॉलेजशी इमान राखा. आमच्या वेळी विद्यापीठाने नुसती जर्सी दिली तरी आम्ही ती लग्नाला घालून जायला तयार होतो, त्यामुळे ही युक्ती का चालली हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण बास्केटबॉलच्या बुटांचं वय कमी. १९८८ मध्ये तिसरा जॉर्डन आला, टाचेतली हवा बाहेरून दिसायला लागली, आणि कालपर्यंतचा डंक एकदम मावशीच्या लग्नातल्या सफारी सूटसारखा दिसायला लागला. सवलतीच्या ढिगात गेला. माझ्या मते त्याचं नशीब उघडलं ते इथे, त्या ढिगात.

कारण स्केटिंग करणारी पोरं तेव्हा बूट खात होती. खात म्हणजे अक्षरशः. फळीच्या वर काळा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, घासकागदच तो. ऑली मारताना, म्हणजे फळी पायाला चिकटल्यासारखी हवेत उचलताना, पुढच्या पायाची बाहेरची कड त्या कागदावरून घासत वर ओढावी लागते. दिवसातून शंभरदा. कॅनव्हास याला किती पुरणार? स्केटिंगचा खरा बूट म्हणजे व्हॅन्स, १९६६ पासून कॅलिफोर्नियातला, पातळ चिकट तळाचा. फळी पायाखाली नीट जाणवते, पण मार बसतो तो सरळ टाचेला. त्या काळात जॉर्डन १ च्या किमती उतरल्या, डंकही स्वस्त झाला, आणि पोरांना कळलं की हे जाड चामडं घासायला टिकतं, उंच कॉलर घोटा सांभाळते आणि तळ सपाट आहे. लान्स माउंटनसारखे त्या काळातले नावाजलेले स्केटर जॉर्डन १ घालून उतारावर उतरत होते, तेही डावा एका रंगाचा आणि उजवा दुसऱ्या. पुढे २०१४ मध्ये नायकीने त्यांच्याच नावाने तसा जोड काढला. म्हणजे कंपनीने हा बूट स्केटरना दिला नाही. त्यांनी तो सवलतीच्या टोपलीतून उचलला.

कंपनीला हे उमगायला बराच वेळ लागला. १९९० च्या दशकात नायकीने स्केटिंगसाठी मुद्दाम वेगळे बूट काढून पाहिले, चांगल्या जाहिरातीही केल्या, पण पोरांनी नाक मुरडलं. मोठ्या कंपनीचा माणूस स्केटपार्कमध्ये म्हणजे वर्गात आलेला शाळा तपासनीस. मग काम नायकीतल्याच सँडी बोडेकर यांच्याकडे गेलं आणि २००२ मध्ये नायकी एसबी सुरू झाली. नवा बूट शोधत बसण्यापेक्षा पोरांनी आधीच पसंत केलेला डंक उचलला आणि त्यात मोजकेच बदल केले. जीभ फुगवून उशीसारखी जाड केली. ती एका बाजूला सरकू नये म्हणून आतून इलॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या. आतल्या तळव्यात टाचेखाली झूम एअरची, म्हणजे हवा भरलेली, चकती घातली. रीझ फोर्ब्स, जीनो यानुच्ची, रिचर्ड मल्डर, डॅनी सुपा या चार स्केटरना आपापले रंग निवडायला लावले. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे माल फक्त स्केटबोर्डच्या छोट्या दुकानांना दिला, तोही थोडा. मॉलमध्ये मिळायचा नाही.

त्या थोड्यातूनच पुढचं सगळं वेड आलं. २००२ मध्येच न्यूयॉर्कच्या सुप्रीम या स्केटच्या दुकानाने तिसऱ्या जॉर्डनवरचा हत्तीच्या कातडीसारखा नक्षीचा पट्टा डंकवर चढवला. २००५ च्या फेब्रुवारीत डिझायनर जेफ स्टेपलचा कबुतराचा डंक आला, करड्या रंगाचा, टाचेवर छोटं कबुतर, एकूण १५० जोड. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये त्याच्या दुकानासमोर पोरं थंडीत रांग लावून बसली, गर्दी इतकी बिनसली की पोलीस आले, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर बातमी. त्या दिवसापर्यंत स्केटरांचा असलेला बूट त्यानंतर सगळ्यांचा झाला, असं मानणारे बरेच आहेत. खोक्याच्या रंगावरून जोड कोणत्या काळातला ते सांगणारी मंडळीही आहेत: नारिंगी खोकं, चंदेरी खोकं, गुलाबी खोकं. आमच्याकडे पैठणीच्या पदरावरून सांगतात तसं.

मग मधली काही वर्षं पुन्हा शांतता. आणि २०२० मध्ये पुन्हा कहर, रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा डंक, बेन अँड जेरी आइस्क्रीमवाल्यांचा गाईच्या ठिपक्यांचा डंक. २०२१ पासून तो पांढरा-काळा, ज्याला सगळे पांडा म्हणतात. आता पोर्टलंडच्या मॅक्स ट्रेनमध्ये बसून पायांकडे बघितलं तर एका डब्यात चार-पाच पांडा सहज मोजता येतात. दिसायला वाईट अजिबात नाही. पण गणेशोत्सवात सगळ्या गल्लीने एकाच ताग्यातले कुर्ते शिवावेत तसं वाटतं.

आमचा या बुटाशी पहिला संबंध आला तोही पांडाचाच, आणि कडू. २०२२ मध्ये लेकाने साठवलेल्या पैशांतून ऑनलाइन एका फेरविक्रेत्याकडून पांडा घेतला, मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट देऊन. महिन्याभरात पुढच्या बाजूचा तळ तोंड उघडून हसायला लागला. आम्ही तो या स्केटच्या दुकानात दाखवायला नेला. काउंटरवर पँटवर रंगाचे डाग पडलेला एक मुलगा होता. त्याने बूट हातात घेतला, आधी हुंगला. मग टाचेच्या मागच्या शिवणीवर अंगठा फिरवला, आतल्या लेबलावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघितला आणि फार हळू आवाजात म्हणाला की हा खरा नाही. नंबर जुळत नव्हते. लेकाचा चेहरा बघवत नव्हता. विक्रेत्याने नंतर उत्तरच दिलं नाही. त्या मुलाने मात्र त्या दिवशी आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. उलट फाटलेल्या जागी लावायचं डिंकासारखं चिकट रबर हातावर ठेवलं, पैसे घेतले नाहीत. म्हणूनच पुढचा जोड घ्यायला आम्ही तिथेच गेलो. ११५ डॉलर, आणि ओरेगनमध्ये विक्रीकर नसल्यामुळे ११५ म्हणजे ११५च.

आता मुद्द्याचं. मापाबद्दल आधी. आपले पाय पंजाला रुंद, निदान माझ्या माहेरचे तरी. एसबीची जीभ जाड असल्यामुळे आत जागा कमी होते, म्हणून लेकाने नेहमीच्या ९ ऐवजी साडेनऊ घेतला आणि ते बरोबर ठरलं. साध्या डंकमध्ये मी माझं रोजचंच माप घेतलं, बायकांचं ८, तेही ठीक. पण पहिला आठवडा दोन्ही कडक. साधा डंक तर घोट्याखाली टोचत होता, दोन दिवस मोजे दुमडून घालावे लागले. एसबी त्या जाड कॉलरमुळे पहिल्या दिवसापासून मऊ. नाड्या न सोडता पाय घालायची सवय असेल (लेकाला आहे, कितीही ओरडा) तर एसबीच घ्या, त्याची जीभ आत गोळा होत नाही.

माझा साधा जोड मी रोज घालते. ऑफिस, वाण्याचं दुकान, शनिवारी मराठी शाळा. जीन्सवर छान दिसतो, सलवार-कुडत्यावर त्याहून छान, आणि या शेवटच्या गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पंजाजवळ आडवी घडी पडते, पडणारच, रंग लावलेलं चामडं वाकलं की असंच होतं. ती घडी पडू नये म्हणून बुटात प्लॅस्टिकचे साचे घालून बदकासारखं चालणारी मुलं इथे शाळेत आहेत. मला घडी आवडते. मात्र दिवसभर उभं राहायचं असेल तर हा बूट नको. तळ सपाट, तळव्याच्या कमानीला आधार नावालाच. गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात सात तास चिवडा आणि चहाच्या टेबलामागे याच बुटांत उभी होते, रात्री टाचा बोंबलत होत्या.

आणि बास्केटबॉल? जुलैमध्ये एकदा मोह आवरला नाही. आमच्या बागेतल्या कोर्टवर ते पांढरे-निळे घालून उतरले. पिव्हट अजून झकास बसतो, वर्तुळं आपलं काम चोख करतात. पण उडी मारून खाली आले की १९८५ साल थेट कमरेत जाणवतं. आजच्या खेळाला हा बूट नाही. पन्नाशीच्या बाईला तर नाहीच नाही.

एसबीची खरी परीक्षा घेतली ती लेकाने. तो जातो बर्नसाइड पुलाखालच्या पार्कमध्ये. १९९० मध्ये स्केटरनी कोणाची परवानगी न घेता, पुलाच्या पूर्व टोकाखाली स्वतः सिमेंट ओतून ते बांधायला घेतलं, शहराने नंतर मान्य केलं. वर गाड्यांची घरघर, खाली चाकांची खरखर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धरमपेठेचं कोर्ट आठवलं, भेगा तशाच, पडणं तसंच. पाऊस असला तरी पूल डोक्यावर आहे, त्यामुळे इथली पोरं बाराही महिने तिथेच.

त्या सिमेंटवर आणि त्या घासकागदावर निळा स्वेड किती टिकला? लेक डावा पाय पुढे ठेवणारा. तिसऱ्या महिन्यात डाव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या जरा वर, स्वेडवरची लव गेली. चौथ्यात तिथल्या दोन शिवणींपैकी एक सुटली. नाडीचं खालचं टोक तीनदा तुटलं (एसबीबरोबर जास्तीची नाडी मिळते, ती शोभेला नसते हे तेव्हा कळलं). सहाव्या महिन्यात भोक पडलं, पण ते वरच्या थरालाच, कारण त्या जागी चामड्यावर चामडं असं दुहेरी आहे. बास्केटबॉलपटूच्या पायाचा पंजा आवळून धरायला म्हणून १९८५ मध्ये जो जास्तीचा तुकडा शिवला, तो इथे उपयोगी पडतो. मी तो बूट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. चिकट रबर लावून तो पुढे आणखी चार महिने चालला. दहा महिने. त्याच्या मित्रांचे कॅनव्हासचे जोड दोन-दोन महिन्यांत जातात. मात्र फळी पायाखाली तितकी जाणवत नाही अशी त्याची तक्रार पहिले दोन आठवडे होती. जाड तळाचा हा दोष म्हणा, स्वभाव म्हणा. नंतर तक्रार बंद झाली. तळ झिजला की पाय, ते विचारलं नाही.

पावसाबद्दल एक. पोर्टलंडचा पाऊस म्हणजे आपला मुसळधार नव्हे, ऑक्टोबर ते मे चालणारी पिरपिर. स्वेड भिजला की कागदाने आत बोळे भरून वाळवा, हीटरसमोर ठेवू नका, आणि वाळल्यावर जुन्या टूथब्रशने लव उभी करा. साध्या डंकला ओलं फडकं पुरतं.

तेव्हा घ्यायचा कोणी? नुसता घालून मिरवायचा असेल तर साधा डंक घ्या, पण पांडा सोडून कोणताही रंग. दोन-चार मापं मागेपुढे घालून बघता येतील अशा दुकानातूनच घ्या, आणि दुप्पट पैसे मागणाऱ्याला हात जोडा. आता बरेच रंग मूळ किमतीच्या खालीही मिळतात, दर काही वर्षांनी हा बूट सवलतीच्या ढिगात परततोच. पोर खरंच स्केटिंग करत असेल तर एसबी, स्वेडचा, अर्धं माप मोठा. आणि चाळिशीनंतर गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली असेल तर दुसरं काहीतरी बघा, मी बघणार नाहीये.

लेकाच्या जोडाचं पुढे काय झालं ते राहिलंच. डावा कामातून गेला, पण उजवा जवळजवळ नवा होता. त्याचा एक मित्र उजवा पाय पुढे ठेवणारा, माप तेच, बूटही तोच, फक्त काळा. त्याचा उजवा फाटलेला, डावा धडधाकट. दोघांनी मिळून एक चांगला जोड जमवला आणि खूप भाव खाऊन माझ्या नवऱ्याला भेट दिला. आता रविवारी सकाळी तो डाव्या पायात काळा आणि उजव्यात निळा घालून अंगणातलं गवत कापत असतो.